पाट, वाफे आणि चर : आपल्या अंगातील रक्तवाहिन्यांची ओळख

ऊसतोडणीच्या दिवसांत कोयता निसटून हातावर बसतो, रक्त वाहू लागते आणि भोवतालची माणसे गोळा होतात. एक जण म्हणतो, तंबाखू दाबा. दुसरा म्हणतो, हळद भरा. तिसरा बैलाच्या दावणीची दोरी सोडून आणतो आणि दंडाला करकचून आवळतो. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण कोणती नळी तुटली आहे आणि तिच्यातून रक्त कोणत्या दिशेला, किती जोराने वाहते, हे कोणालाच ठाऊक नसते. मग जे एका जखमेला उपयोगी पडले असते, ते दुसरीला घातक ठरते.

शेतात पाण्याचा पाट फुटला तर आपण गोंधळत नाही. पाणी कोठून येते, कोठे जाते आणि बांध कोठे घालावा, हे आपणांस लहानपणापासून माहीत असते. आपल्या अंगातही असेच पाट, वाफे आणि चर आहेत. त्यांची रचना एकदा समजली की जखम कशी दाबावी, रक्तदाब कशासाठी मोजून घ्यावा, पायांवर निळ्या गाठी का येतात आणि विडी पायाची बोटे कशी खाते, हे सारे आपोआप उलगडते. म्हणून आज आम्ही रक्तवाहिन्यांविषयी लिहीत आहोत.

तीन प्रकारच्या नळ्या

बोलताना आपण सगळ्याच रक्तवाहिन्यांना 'शीर' म्हणतो. शीर तुटली, शीर सुजली, शिरेत सुई दिली. प्रत्यक्षात त्यांचे तीन प्रकार आहेत. हृदयाकडून रक्त बाहेर नेणारी ती रोहिणी. तिलाच कोणी धमनी म्हणतात. हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला. आणि या दोघींना जोडणाऱ्या केसाहूनही बारीक नळ्या त्या केशवाहिन्या.

पुष्कळांचा असा समज असतो की लाल रक्ताची ती रोहिणी आणि निळ्या रक्ताची ती नीला. तो बरोबर नाही. कोणाचेही रक्त निळे नसते. नीलेतले रक्त गडद लाल असते. कातडीखालून पाहताना तेवढी नळी निळसर दिसते. शिवाय हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत गडद रक्तच असते आणि फुफ्फुसाकडून हृदयाकडे येणाऱ्या नीलांत तांबडेलाल. म्हणून रंग नव्हे, दिशा ध्यानात ठेवावी. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. गुणाकार करून पाहा. मिनिटाला ५ लिटर झाले. म्हणजे अंगातले सगळे रक्त एका मिनिटात फिरून येते. दिवसभराचा हिशेब ७,००० लिटरांच्या वर जातो. ट्रॅक्टरला जोडलेला ५,००० लिटरांचा टँकर भरून वर उरेल इतका. आणि हा पंप वीज गेली म्हणून थांबत नाही.

रोहिणी : दाबाची वाहिनी

हृदयाच्या डाव्या बाजूने निघणारी महारोहिणी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असते. तिला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या फुटतात आणि प्रत्येक अवयवाला आपापला वाटा मिळतो. पहिल्या फांद्या खुद्द हृदयालाच रक्त देतात, कारण पंपालाही इंधन लागते.

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर अगदी पातळ आणि गुळगुळीत असतो. रक्त त्यावरून न अडता, न गोठता सरकावे म्हणून तो तसा असतो. मधला थर जाड असून त्यात रबरासारखे ताणले जाणारे तंतू आणि स्नायू असतात. बाहेरचा थर चिवट तंतूंचा असतो. तो नळीला आजूबाजूच्या मांसाशी धरून ठेवतो आणि तिला फाटू देत नाही.

या मधल्या थराचे काम नीट समजून घ्यावे. हृदयातून रक्त धक्क्याधक्क्याने येते. रोहिणी जर लोखंडी पाइपसारखी ताठ असती, तर ठोका पडला की रक्त धावले असते आणि ठोका संपला की थांबले असते. तसे होत नाही. धक्का आला की रोहिणी फुगते आणि थोडे रक्त आपल्या पोटात साठवते. हृदय विसावले की ती पूर्ववत आकसते आणि साठवलेले रक्त पुढे ढकलते. त्यामुळे हृदयाच्या विश्रांतीतही रक्त वाहतच राहते.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवली की जी उडी लागते ती याच फुगण्याआकसण्याची. ती नाडी होय. पाण्याने भरलेल्या नळीला एका टोकाला धक्का दिला की तो दुसऱ्या टोकाला लगेच जाणवतो, पाणी मागून येते. नाडीचेही तसेच आहे. बोटाला लागते ती लाट असते. रक्त त्या लाटेहून पुष्कळ सावकाश चालते.

टोकाकडच्या बारीक रोहिण्यांत रबरी तंतू कमी आणि स्नायू अधिक असतात. या म्हणजे पाटावरच्या मोऱ्या. शेतकरी जसा एक वाफा भरला की दारे मोडून पाणी दुसऱ्याकडे वळवतो, तसे शरीर या बारीक रोहिण्या आवळून किंवा सैल सोडून रक्ताची वाटणी करते. विश्रांतीत हातापायांच्या स्नायूंकडे एकूण रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. जोराच्या कष्टात तोच हिस्सा चार पंचमांशापर्यंत चढतो. जेवल्यावर आतड्यांकडे रक्त वाढते. उन्हात कातडीकडे वाढते, म्हणून चेहरा लाल होतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. भर उन्हात बराच वेळ एका जागी उभ्या असलेल्या माणसाला भोवळ येते तीही यामुळेच. कातडीतल्या मोऱ्या उघडलेल्या असतात, पायांत रक्त साचलेले असते आणि मेंदूच्या वाट्याला पाणी उरत नाही. अशा माणसाला उभे धरून ठेवू नये. सावलीत आडवे निजवावे आणि पाय थोडे उंच करावेत.

केशवाहिन्या : जेथे खरी देवघेव होते

पाट कितीही मोठा असला तरी पीक वाढते ते वाफ्यात. रक्ताचे खरे कामही रोहिणीत किंवा नीलेत होत नाही. ते केशवाहिन्यांत होते. येथे नळीची भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची उरते. तिची रुंदी डोक्याच्या केसाच्या जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी असते. रक्तातल्या तांबड्या पेशींना तिच्यातून बांधावरून जाणाऱ्या माणसांसारखे एकामागून एक जावे लागते, आणि कधी कधी तर अंग दुमडून.

मोठ्या पाटाला असंख्य सऱ्या फुटल्या की प्रत्येक सरीत पाणी हळू चालते. येथेही तसेच होते. महारोहिणीत सेकंदाला कित्येक सेंटिमीटर धावणारे रक्त केशवाहिनीत सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाही. हा संथपणा उपयोगाचा आहे. तेवढ्या वेळात प्राणवायू आणि साखर बाहेर झिरपते. कर्बवायू आणि घाण आत घेतली जाते.

थोडे पाणीही भिंतीतून बाहेर झिरपते. रक्तातली प्रथिने ते पाणी परत आत ओढण्यास मदत करतात आणि उरलेले पाणी लसिकावाहिन्या नावाच्या निराळ्या बारीक नळ्या गोळा करून पुन्हा रक्तात सोडतात. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडून रक्तातले प्रथिन फार घटले, तर पाणी बाहेरच राहते आणि पाय सुजतात. घोट्याजवळ बोट दाबले असता खळगा पडून राहू लागला तर 'वारा लागला' म्हणून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

नीला : चढावरून परतणारा चर

केशवाहिन्यांतून रक्त बाहेर पडते तेव्हा त्यातला जोर जवळजवळ संपलेला असतो. म्हणून नीलेची भिंत पातळ आणि सैल असते. दाबच नसेल तर जाड भिंतीची गरज काय? पण नळी ऐसपैस असते. स्वस्थ माणसाच्या रक्तापैकी सुमारे दोन तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी नीलांतच असते. ते शरीराचे जणू शेततळेच होय.

अडचण एकच. शेतातला चर उताराने वाहतो. पायातले रक्त मात्र चढावर न्यायचे असते, तेही पंपाच्या जोरावाचून. त्यासाठी दोन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे झडपा. हातापायांच्या नीलांत जागोजागी खिशासारख्या पातळ झडपा असतात. त्या हृदयाच्या दिशेने उघडतात आणि रक्त मागे येऊ लागले की मिटतात. विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हचे जे काम, तेच यांचे. दुसरी युक्ती म्हणजे पोटरीचे स्नायू. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि आतल्या नीला पिळल्या जातात. झडपांमुळे रक्ताला खाली जाता येत नाही, म्हणून ते वर चढते. दर पावलाला एक उपसा होतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते उगीच नव्हे.

स्वतःच्या हातावर पाहा

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर स्वतः पडताळून पाहावे. हात काही वेळ खाली लोंबता ठेवला की मागच्या बाजूच्या नीला फुगतात. तोच हात डोक्याच्या वर धरला की त्या चपट्या होतात. आता हात पुन्हा खाली ठेवून फुगलेली एक लांब सरळ नीला निवडावी. तिच्या बोटांकडच्या टोकावर एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने सारावे. मग हे दुसरे बोट उचलावे. वरचे रक्त खाली परतत नाही. मधला भाग रिकामाच राहतो. तेथे झडप आहे. पहिले बोट उचलताच खालून रक्त येऊन नीला भरते. घरातल्या मुलांना हे जरूर दाखवावे.

या झडपांचे वर्णन इटलीतील पादुआच्या फाब्रिशियस या अध्यापकाने १६०३ साली प्रसिद्ध केले, पण त्यांचे खरे काम त्याला कळले नव्हते. ते उलगडले त्याचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे याने. त्या काळी विद्वान असे मानीत की रक्त यकृतात सतत नव्याने तयार होते आणि अवयवांत जिरून जाते. हार्वेने आपण वर केला तसाच साधा हिशेब केला. अर्ध्या तासात हृदयातून जेवढे रक्त बाहेर पडते तेवढे सगळ्या शरीरातही नसते. मग नवे रक्त इतके येणार कोठून? अर्थात तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. दंडाला फडके बांधून त्याने हीच झडपांची परीक्षा लोकांना दाखविली आणि १६२८ साली आपला ग्रंथ छापला.

एक दुवा मात्र त्याला सापडला नाही. रोहिणीतले रक्त नीलेत कोणत्या वाटेने जाते, हे नुसत्या डोळ्यांनी दिसण्यासारखे नव्हते. हार्वे १६५७ साली वारला. १६६१ साली मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन वैद्याने बेडकाच्या फुफ्फुसाखाली सूक्ष्मदर्शक भिंग धरले तेव्हा केशवाहिन्या दिसल्या आणि चक्र पूर्ण झाले.

दाब किती असतो?

रोहिणीतला दाब प्रथम मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्लंडमधील एका गावच्या धर्मोपदेशकाने. झाडांच्या खोडातून रस कसा चढतो याचाही अभ्यास त्याने केला होता. छाटलेल्या द्राक्षवेलीला काचेची नळी लावून रसाचा जोर त्याने मोजला होता. त्याच्याही आधी त्याने घोडीच्या रोहिणीला काचेची उंच नळी जोडली होती, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच वर चढले. १७३३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. १८९६ साली इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजण्याची रीत काढली आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्हने पट्ट्याखाली आवाज ऐकून दोन्ही आकडे ठरविण्याची पद्धत दिली. आज पारा मागे पडून बॅटरीची यंत्रे आली असली, तरी आकडे अजून पाऱ्याच्या मिलिमीटरांतच सांगतात.

'१२० वर ८०' याचा अर्थ असा : हृदय आवळते तेव्हा रोहिणीत १२० चा दाब, विसावते तेव्हा ८० चा. पंपाच्या भाषेत सांगायचे तर १२० चा दाब म्हणजे सुमारे पाच फुटांचा हेड. एवढ्या दाबाला रक्त पाच फूट उंच चढेल. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्यावरच राहू लागला, तर तो उच्च रक्तदाब समजतात.

पंप बसविताना पाइप किती किलोचा दाब सोसेल हे आपण विचारतो. कमी दाबाच्या पाइपला जादा दाब दिला तर तो आज ना उद्या सांध्यात फुटतो. रोहिणीवर वर्षानुवर्षे जादा दाब राहिला तर तिची भिंत जाड आणि ताठ होते आणि आतला गुळगुळीत थर खरवडल्यासारखा होतो. तेथे चरबीचा थर साचू लागतो. पाइपात क्षार धरावा तशी वाट अरुंद होत जाते. एखाद्या दिवशी त्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट एकदम बंद होते. हे हृदयाच्या रोहिणीत झाले तर हृदयविकाराचा झटका. मेंदूच्या रोहिणीत झाले, किंवा तेथली बारीक रोहिणी दाबाने फुटली, तर अर्धांगवायू.

यातला कपटी भाग असा की बहुतेकांना उच्च रक्तदाब जाणवतच नाही. डोके दुखत नाही, काम थांबत नाही. 'मला काही होत नाही, मग तपासू कशाला?' हा युक्तिवाद येथे फसतो. वयाची ३० वर्षे झालेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत मोजतात. औषध सुरू झाले की बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. बरे वाटते ते औषधामुळेच.

मीठही आवरावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरा नाही, एवढेच मीठ खावे. त्यात लोणचे, पापड, सुकी मासळी आणि फरसाण यांतले मीठही धरावयाचे. घामाचे काम करणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे, पण पेजेत मूठभर मीठ टाकण्याची सवय सोडावी. रोजची दारूही दाब वाढविते.

तंबाखू आणि रोहिण्या

आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरी तंबाखू पिकतो. बेळगाव जिल्ह्यातला निपाणी भाग तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तेव्हा हे लिहिणे काहींना रुचणार नाही, पण लिहिणे भाग आहे. तंबाखूमुळे बारीक रोहिण्या आवळतात, आतला थर बिघडतो आणि रक्त लवकर गोठू लागते. विडी ओढणाऱ्या तरुण, धडधाकट पुरुषांत पायाच्या आणि हाताच्या रोहिण्या सुजून बंद होण्याचा एक रोग आढळतो. त्याला बर्जरचा रोग म्हणतात. चालताना तळवा किंवा पोटरी दुखते आणि थांबले की राहते. पाऊल थंड पडते. मग एखादे बोट काळे पडते किंवा लहानशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पुष्कळदा लोक याला वात समजून तेल चोळीत बसतात आणि बोट जाते, कधी पायही जातो. या रोगाला एकच खात्रीचा उपाय आहे. तंबाखू पूर्णपणे सोडणे. दिवसाला एक विडीसुद्धा चालत नाही, चघळण्याची तंबाखूही चालत नाही. ज्याने वेळीच सोडली त्याचा पाय बहुधा वाचतो.

पायांवरच्या निळ्या गाठी

भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहणाऱ्या बायका, दुकानात किंवा भट्टीवर उभे राहणारे पुरुष, यांच्या पायांवर पुढे निळ्या, वेड्यावाकड्या, फुगलेल्या नीला दिसू लागतात. माणूस स्थिर उभा राहिला की पोटरीचा उपसा बंद असतो आणि रक्ताचा सगळा भार खालच्या नीलांवर पडतो. त्या ताणल्या गेल्या की झडपांची टोके एकमेकांना पोहोचत नाहीत. एक झडप गळू लागली की भार खालच्या झडपेवर येतो, मग तीही गळते. काहींच्या घराण्यातच हा दोष असतो. गरोदरपणातही तो वाढतो. पाय जड होतात, संध्याकाळी घोटे सुजतात, कातडी काळवंडते आणि घोट्याच्या आतल्या बाजूस न भरणारी जखम होते.

उपाय फार अवघड नाहीत. उभ्याने काम असेल तर अधूनमधून दहा पावले चालावे, टाचा वर-खाली कराव्यात. संध्याकाळी पाय छातीपेक्षा उंच ठेवून थोडा वेळ पडावे. ताणाची पट्टी किंवा मोजे डॉक्टरांनी पायाची नाडी पाहून सांगितल्यावरच वापरावेत, कारण रोहिणीच बंद असलेल्या पायाला पट्टी अपाय करते. फुगलेली नीला फुटून रक्त वाहू लागले तर घाबरू नये. आडवे पडावे, पाय उंच धरावा आणि फडक्याने दाबावे, रक्त थांबते. उभे राहून धावाधाव केली तर मात्र पुष्कळ रक्त जाते.

आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात पडल्यावर एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर आतल्या नीलेत गुठळी झालेली असू शकते. तो पाय चोळू नये. चोळल्याने गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन अडकण्याचा धोका असतो. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

कोयता लागला तर

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे वळू. रक्त कसे वाहते ते पाहावे. तांबडेलाल रक्त नाडीबरोबर उडत असेल तर रोहिणी तुटली आहे. गडद रक्त एकसारखे वाहत असेल तर नीला. नुसते पाझरत असेल तर केशवाहिन्या. रोहिणीची जखम सर्वांत घाईची. पण तिन्ही जखमांचा पहिला उपाय एकच : जखमेवरच थेट दाब.

स्वच्छ फडक्याची घडी करून जखमेवर ठेवावी आणि तळहाताने जोराने दाबावी. घड्याळ लावून दहा मिनिटे हात काढू नये. 'थांबले का' म्हणून सारखे उघडून पाहिले की धरू लागलेली गुठळी निघून जाते. फडके भिजले तर त्यावरच दुसरे ठेवून आणखी जोराने दाबावे. जखमी माणसाला निजवावे. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. वाटेतही दाब सोडू नये. तंबाखू, चुना, माती, शेण, रॉकेल यांतले काहीही जखमेत घालू नये. माती आणि शेण यांतून धनुर्वात होतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे.

दोरीचे काय? हातापायाच्या जखमेतून रक्त उसळते आहे, नेटाने दाबूनही थांबत नाही आणि जीव जाईल असे दिसते, तेव्हाच शेवटचा उपाय म्हणून जखमेच्या वर चार बोटे रुंद पट्टा आवळावा. बारीक दोरी किंवा तार वापरू नये. ती मांस आणि मज्जातंतू कापते. पट्टा कधी बांधला ती वेळ लिहून ठेवावी आणि तडक इस्पितळात जावे. अर्धवट आवळलेली दोरी तर न बांधण्याहून वाईट. तिने वर असलेली पातळ नीला मिटते, खोल असलेली जाड रोहिणी चालू राहते. म्हणजे चर बुजवला आणि पाट उघडा ठेवला. रक्त अधिकच वाहणार.

साप चावल्यावर तर दोरी बांधूच नये. विषाचा बराचसा भाग लसिकावाहिन्यांवाटे हलतो आणि स्नायूंच्या हालचालीने पुढे सरकतो. म्हणून बांधण्यापेक्षा हात-पाय न हलविणे महत्त्वाचे. करकचून बांधलेल्या भागाला रक्त मिळत नाही, तो सडतो. घोणस आणि फुरसे यांचे विष बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडते आणि रक्ताची गोठण्याची शक्ती घालविते. अशा वेळी चिरे पाडले तर रक्त थांबतच नाही. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला बांधून तो अवयव स्थिर ठेवावा आणि रोग्याला चालू न देता उचलून सर्पविषावरची लस असलेल्या इस्पितळात न्यावे. कोणी आधीच दोरी घट्ट बांधली असेल तर ती वाटेत एकदम सोडू नये, डॉक्टरांसमोर सोडावी.

आणि दोन प्रसंगी तर मिनिटेही मोजावीत. छातीत दाबल्यासारखी कळ येऊन घाम फुटणे, हा हृदयाच्या रोहिणीचा इशारा. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात गळणे, बोबडी वळणे, हा मेंदूच्या रोहिणीचा. गुठळी विरघळविण्याचे औषध अर्धांगवायूत पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही तपासणी करून. 'सकाळी बघू' म्हटले की ती वेळ निघून जाते.

विहिरीचा पंप, पाइप आणि पाट यांची निगा आपण दर हंगामाला राखतो, कारण ते बिघडले तर पीक जाते हे आपण जाणतो. अंगातल्या पाटांची निगाही तितकीच साधी आहे. दाब मोजणे, मीठ आवरणे, तंबाखू सोडणे, चालत राहणे, आणि रक्त दिसताच दोरी शोधण्याऐवजी जखमेवर हात ठेवणे. हा शेवटचा धडा घरातल्या सर्वांना, शाळेत जाणाऱ्या मुलांनासुद्धा, आजच करून दाखवावा. शेतात एकटे असताना जवळ कोण असेल, हे आपल्या हाती नसते.